नंबर पंचिंग – 25 रुपये

मागच्या रविवारपासून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहून टाकतो.

माझं काम जुन्या गाड्यांचं. छोटं गॅरेज आहे, पण हल्ली गॅरेजपेक्षा जास्त पैसे मिळतात ते गाडी घ्यायच्या आधी बघून देण्याचे. कुणी जुनी फॉरेन गाडी घ्यायला निघालं की मला सोबत नेतात, मी चार-पाच तास गाडीखाली लोळतो आणि घे किंवा पळ एवढंच सांगतो. लोकांना वाटतं हा इंजिन ऐकून सांगतो. इंजिन सगळ्यात शेवटी हो. आधी जमिनीवर आडवं व्हायचं.

यावेळचा मुलगा बाणेरचा, आयटीतला, वय तीस-बत्तीस. त्याला हवी होती जॅग्वार मार्क टू, तीही थ्री पॉइंट एट. ही गाडी 1959 ते 1967 निघाली, तीन इंजिनांत, 2.4, 3.4 आणि 3.8 लिटर, आणि वरून बघितलं तर तिन्ही बहिणी सारख्याच. भाव मात्र 3.8 ला, 220 हॉर्सपॉवर, चारही चाकांना डिस्क ब्रेक, त्या काळात घरच्या चार दारांच्या गाडीला हे म्हणजे कहर होता. प्रभात रोडच्या गल्लीत जुना बंगला, पोर्चमध्ये 1962 ची गाडी, गाडीचे मालक काका जाऊन तीन वर्षं झालेली आणि काकू ऐंशीच्या आसपास, एकट्या. मुलगा पोचल्या पोचल्या क्रोमवरून हात फिरवायला लागला, "काका, क्रोम बघा ना कसलं भारी आहे." क्रोमवर भाळणारं गिऱ्हाईक म्हणजे विकणाऱ्यासाठी देवमाणूस.

मी फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं. या गाडीला वेगळी चेसिस नाही, पत्रा हाच सांगाडा, त्यामुळे दाराखालचे सिल गंजले तर तो रंगाचा प्रश्न नसतो, गाडी मधून वाकायचा प्रश्न असतो. ड्रायव्हर बाजूला पुढच्या चाकामागे चुंबक धरलं तर पडलंच खाली. एक वीतभर नुसती लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी. रंगाखाली कुणीतरी टिनाचा तुकडा ब्रेझिंग करून वर लांबीचा थर मारून गुळगुळीत केलेलं. आपल्याकडच्या डेंटिंगवाल्यांचं हेच दुखणं, पत्रा कापून नवा शिवायचा कंटाळा, लांबी घासायला मात्र दोन दिवस लागले तरी चालतील. मागे बघितलं, पाट्याच्या स्प्रिंगा जिथे बॉडीला धरतात ती जागा आणि मागचा अॅक्सल जागेवर धरणाऱ्या पॅनहार्ड रॉडचा ब्रॅकेट, हे दोन गेले असते तर मी तिथूनच परत फिरलो असतो. ठणठणीत निघाले. मुंबईची गाडी असती तर खाऱ्या हवेने तिथे चाळण झालेली असते, पुण्यात राहिली म्हणून वाचली. पेट्रोलच्या रबरी नळ्या जुन्याच होत्या, आताच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलवर त्या टिकणार नाहीत, सगळ्या बदला म्हणून लिहून दिलं.

मग माझा आवडता प्रयोग. 3.8 ला कंपनीतूनच पॉवर-लॉक डिफरन्शियल यायचं, मागच्या दोन्ही चाकांना एकत्र जोर देणारं. मागची दोन्ही चाकं वर घेऊन लोखंडी घोड्यांवर, म्हणजे स्टँडवर ठेवायची, न्यूट्रल करायचं आणि एक चाक हाताने फिरवायचं. साधं डिफरन्शियल असेल तर दुसरं चाक सहसा उलटं फिरतं, पॉवर-लॉक असेल तर दोन्ही एकाच दिशेने. दोन्ही एकाच दिशेने फिरली आणि मुलाने टाळी वाजवली. चेसिस नंबरही दोन लाखांपासूनच्या मालिकेतला सहा आकडी, म्हणजे उजव्या स्टिअरिंगची 3.8 च, 3.4 असती तर दीड लाखापासूनच्या मालिकेतला असता. इंजिन चालू केलं, वीस मिनिटं गरम होऊ दिलं, तीन हजार आरपीएमला ऑइल प्रेशर 40 च्या आसपास, म्हणजे उत्तम. इंजिनातल्या खालच्या टायमिंग चेनचा खडखडाट नाही, तो असता तर सरळ इंजिन खाली उतरवायचं काम. मागून थोडं ऑइल गळत होतं, पण न गळणारी मार्क टू मी अजून बघायची आहे.

मुलाच्या हातात काकूंनी दिलेली फाइल होती. त्यात इंग्लंडच्या जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टचं सर्टिफिकेट, काकांनी हौसेने मागवलेलं, त्यावर गाडी कारखान्यातून निघाली तेव्हाचा इंजिन नंबर. मुलगा वाचतोय आणि मी टॉर्च मारून ऑइल फिल्टरच्या वर ब्लॉकवरचा नंबर वाचतोय. एलबीने सुरू, म्हणजे 3.8, मधे आकडे, शेवटी कॉम्प्रेशन रेशोचा 8. "काका, मॅचिंग नंबर्स!" तो ओरडलाच, म्हणजे कारखान्यातलंच मूळ इंजिन.

जुळत होता खरा. पण ओळ नाचत होती. कारखान्याचा नंबर इतका वेडावाकडा मी कधी बघितला नाही, आणि खालची जागा कानशीने घासलेली, रेघा तिरक्या. मग ब्लॉकवर बसणाऱ्या सिलिंडर हेडच्या पुढच्या तोंडावर बघितलं, तिथेही इंजिन नंबर असतो, तेलकट काळं पुसून काढलं तर केजी. केजी म्हणजे 3.4. आता हेड एकमेकांना बसतात, त्यामुळे नुसतं हेड बदललेलं असू शकतं. पण मी परत ब्लॉकवर गेलो ते त्या 8 साठी. नंबरात 8 दोनदा होता आणि दोन्हींच्या खालच्या गोलाला डावीकडे एकाच जागी तुटकी फट.

तो 8 मला माहिती आहे.

1986 साली पंधराव्या वर्षी मी नाना पेठेत अण्णांकडे हाताखाली लागलो. त्यांच्या नंबर ठोकायच्या पंचांच्या डब्यातला 8 फरशीवर पडून टवका उडालेला, नवा आणा म्हटलं तर म्हणायचे, "आठ दिसतोय ना? मग झालं." अण्णा गेल्यावर वहिनींनी तो डबा मलाच दिला.

फाइल मागून घेतली. काका शिस्तीचे, टायरच्या पावत्यासुद्धा लावून ठेवलेल्या. 1988 चं एक बिल, कार्बन कॉपी, अण्णांचं अक्षर. इंजिन बदली, मुंबईहून आणलेले. क्लच प्लेट. दोन कार्बोरेटर सर्व्हिस. आणि सगळ्यात खाली, नंबर पंचिंग, 25 रुपये.

बिलात लिहिलंय हो! लपवाछपवी असती तर लिहिलं असतं का? तेव्हा कुणाला यात पाप वाटायचंच नाही. आरसीवर जुना नंबर, तो बदलायचा म्हणजे संगम पुलाजवळच्या आरटीओत एजंटाच्या मागे महिनाभर हेलपाटे, त्यापेक्षा नवीन ब्लॉकवर जुना नंबर मारा आणि मोकळे व्हा. पेट्रोलच्या भावापायी लोक मोठमोठ्या गाड्यांत डिझेल इंजिनं कोंबत होते त्या काळात, अण्णांनी निदान जॅग्वारलाच जॅग्वारचं इंजिन शोधून आणलं.

पण आज तोच नंबर लाखांत मोजला जातो. मुलाला ही गाडी 2021 च्या व्हिंटेज नियमात नोंदवायची होती, पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली, वीस हजार फी भरून व्हीए सिरीजचा नंबर. कागदावर सगळं पास झालं असतं. पेन्सिलने नंबराचा छाप काढला असता तरी जुळला असता.

मुलाला गल्लीत बाजूला घेऊन सांगितलं, नंबर नंतर मारलेला आहे, ब्लॉक बहुतेक 3.4 चा, खात्री हेड खोलल्याशिवाय नाही, बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, 87 मिलिमीटर निघाला तर 3.8, 83 निघाला तर 3.4. बिल दाखवलं. कोणाच्या गॅरेजचं बिल आहे आणि तेव्हा तिथे कोण कामाला होतं, हे मात्र तोंडातून निघालं नाही. मुलगा तडक आत जाऊन म्हणाला, "काकू, इंजिन बदललेलं आहे." मला वाटलं आता यांना धक्का बसणार. काकू म्हणाल्या, "हो मग, बदललंच होतं. हे स्वतः टेम्पोत बसून घेऊन आले होते मुंबईहून. दोन एजंट येऊन गेले, दोघांनीही विचारलं नाही, मी कशाला सांगू? तुम्ही विचारलंत, सांगितलं." आणि चहा टाकायला उठल्या. भाव कमी करायला त्यांना पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

घरी न जाता गॅरेजला आलो, डबा काढला, अॅल्युमिनियमच्या तुकड्यावर 8 मारला आणि मोबाइलमधल्या फोटोशेजारी धरला. तोच.

आता खरं सांगतो. नंबर मारताना अण्णा पंच धरायचे, कारण त्यांचा हात हलायचा नाही, आणि हातोडी मारायला मी असायचो. 88 ला मी सतरा वर्षांचा. किती नंबर मारले असतील देव जाणे, ही गाडी मला आठवत नाही. क्रीम कलरची मार्क टू गॅरेजमध्ये आली असती तर आठवायला पाहिजे ना? की तेव्हा रंग वेगळा होता?

मुलाने गाडी घेतली. काल फोन आला, "काका, हेड तुम्हीच खोला, दुसऱ्या कुणावर विश्वास नाही माझा." हो म्हटलं. परवा येतेय गाडी. बोअर गेज काढून पुसून ठेवलाय, पंचांचा डबा माळ्यावर टाकलाय.