धंद्याचे पहिले पुस्तक, शेजारी काजूच्या बिया

बिझनेसची तोंडओळख करून देणारी पुस्तके बहुतेक एकाच वाटेने जातात. धंदा म्हणजे काय, मालकीचे प्रकार, व्यवस्थापन, माणसे, मार्केटिंग, आणि पैसा सगळ्यात शेवटी. घरी बसून स्वतःच शिकणारा वाचक मध्येच दमतो. फेयोलची व्यवस्थापनाची १४ तत्त्वे पाठ होतात, मॅस्लोचा माणसाच्या गरजांचा त्रिकोण वहीत काढून होतो, आणि खर्चाच्या प्रकरणाशी पोचायच्या आत पुस्तक कपाटात जाते. म्हणून मी म्हणेन, मागून वाचायला घ्या. आधी खर्च आणि ब्रेक-ईव्हन (किती विकले की नफाही नाही, तोटाही नाही तो आकडा), मग रोख पैशाचा हिशेब, मग जमाखर्च. व्यवस्थापनाला घाई नाही.

दुसरे, एक खराखुरा धंदा समोर ठेवून वाचा. पुस्तकातला कारखाना एकच वस्तू बनवतो, एकाच भावाने विकतो, बाराही महिने सारखीच विकतो आणि पैसे हातोहात मिळतात. सूत्रे बरोबर असतात, पण ती या चार गोष्टी गृहीत धरून लिहिलेली असतात, आणि आमच्या गोव्यात या चारही एकत्र सापडणारा धंदा शोधूनच काढावा लागेल. शिकायला मला काजूसारखा दुसरा धंदा दिसत नाही. माल शिगम्याच्या, म्हणजे होळीच्या सणाच्या, आगेमागे यायला लागतो, पाऊस पडला की संपतो, आणि विक्री मात्र वर्षभर.

पुढचे आकडे गणितापुरते धरलेले आहेत. भाव दर हंगामात हलतात, तुमचे तुम्ही घाला.

सत्तरी तालुक्यातल्या बागायतदाराकडून १०० किलो बी १५० रुपये किलोने घेतली. १५,००० रुपये झाले. ही बी ओली असते, समजा ओलावा १५ टक्के. तशीच गोणीत भरली तर आत बुरशी धरते, म्हणून दोन-तीन दिवस उन्हात वाळवून ओलावा ८ टक्क्यांवर आणायचा. १०० किलोत ८५ किलो कोरडा माल होता. ओलावा ८ टक्के उरला की वजन ८५ भागिले ०.९२, म्हणजे ९२.४ किलो. साडेसात किलो पाणी तुम्ही बीच्या भावाने विकत घेतले. पुस्तक याला सामान्य घट म्हणते आणि दोन ओळींत पुढे जाते. वाळल्या बीचा गर साधारण चौथा हिस्सा, म्हणजे २३.१ किलो. एक किलो काजूगरामागे नुसती बी ६४९ रुपयांची झाली.

त्यावर वाफवणे, फोडणे, सोलणे, जळण, पॅकिंग मिळून किलोला ११० रुपये धरू. बदलता खर्च ७५९, ७६० म्हणू. आता विक्री. काजूगर एका भावाने विकला जात नाही. अख्खा गर आकारावर विकतात. डब्ल्यू-२४० म्हणजे एका पौंडात २२० ते २४० गर, डब्ल्यू-३२० म्हणजे ३०० ते ३२०. पाकळी, म्हणजे दोन भाग झालेला गर, आणि तुकडा त्याहून बऱ्याच कमी भावाने जातो. समजा ७० टक्के गर अख्खा निघाला आणि ९५० ने गेला, उरलेला ३० टक्के ७०० ने. सरासरी ८७५. किलोमागे हातात उरले ११५ रुपये. पुस्तकात यालाच कॉन्ट्रिब्युशन म्हटलेले असते.

भाडे, एका कायम माणसाचा पगार, विजेचा ठरीव आकार, विमा असा स्थिर खर्च महिन्याला ४०,००० म्हणजे वर्षाला ४,८०,००० असेल, तर ब्रेक-ईव्हन ४,८०,००० भागिले ११५. सुमारे ४,१७४ किलो गर, म्हणजे १८ टन बी. पुस्तकातले उदाहरण इथे संपते. खरा अभ्यास इथून पुढे आहे.

अख्खा गर ७० ऐवजी ६० टक्केच निघाला तर? सरासरी भाव ८५०, कॉन्ट्रिब्युशन ९०, आणि ब्रेक-ईव्हन ५,३३३ किलो. बी तेवढीच, मजुरी तेवढीच, फक्त दहा टक्के गर जास्त फुटला, तर तोट्यातून बाहेर पडायला सव्वापटीहून अधिक माल काढावा लागतो. गर फुटण्याची कारणे शेडमध्येच असतात. बी वाफवून रात्रभर पुरती निवू दिली नाही तर कवच नीट उकलत नाही आणि सुरी गरात जाते. बोर्म्यात, म्हणजे गर वाळवायच्या भट्टीत, गर कमी तापला तर तांबडी साल चिकटून बसते, जास्त तापला तर सोलताना दोन पाकळ्या होतात, वर पिवळेपणा येऊन प्रत उतरते ते वेगळेच.

आता व्यवस्थापनाचे प्रकरण उघडा, म्हणजे त्यात जीव आहे हे कळेल. व्यवस्थापनावरचे टेलरचे पुस्तक १९११ चे, कामाच्या नगावर मजुरी ही कल्पना त्यात आहे. फोडणाऱ्या बायकांना नुसत्या किलोवर मजुरी दिली तर हात भराभर चालतो आणि पाकळी वाढते. मजुरी अख्ख्या गराच्या वजनावर जास्त आणि तुकड्यावर कमी ठेवली तर वेग थोडा उतरतो, पण ५,३३३ आणि ४,१७४ यांतले १,१५९ किलो वाचतात. मात्र वाफ नीट न बसलेली बी द्यायची आणि फुटीचे पैसे फोडणारीच्या माथी मारायचे, हे चालत नाही. आठवडाभरात खुर्च्या रिकाम्या होतात.

व्याजाचे काय? पुस्तक ते दुसऱ्याच प्रकरणात टाकते, आणि शिकणारा ते ब्रेक-ईव्हनमध्ये धरायचे विसरतो किंवा स्थिर खर्चात घालतो. काजूत ते स्थिर नाही. वर्षाची बी तीन महिन्यांत घेऊन ठेवायची आणि थोडी थोडी फोडायची, म्हणजे सरासरी अर्धी रक्कम वर्षभर अडकलेली. ६४९ च्या निम्म्यावर ११ टक्के म्हणजे किलोमागे ३५.७ रुपये. माल वाढला की व्याजही वाढते, तेव्हा ते बदलत्या खर्चात जायला हवे. ११५ मधून ते वजा करा, ७९.३ उरतात, आणि ब्रेक-ईव्हन ६,०५३ किलोवर जातो. बी २६ टनांच्या वर, किंमत ३९ लाखांच्या पुढे. फूटही जास्त धरली तर ८,८४० किलो. सुरुवातीच्या आकड्याच्या दुपटीहून जास्त, आणि सूत्र एका अक्षराने बदललेले नाही.

आता त्याच ६,०५३ किलोच्या वर्षातला एप्रिल महिना पाहा. बीला साधारण १३ लाख, प्रक्रियेला ५५ हजार, स्थिर खर्च ४० हजार. गेले १४ लाख. विक्री, सगळी रोखीने झाली असे मानले तरी, ४ लाख ४० हजार. एका महिन्यात साडेनऊ लाखांचा खड्डा, असे तीन महिने, आणि वर्षाअखेरचे नफा-तोटा पत्रक सांगणार की तोटा शून्य. नफा आणि रोकड वेगळे असतात हे वाक्य प्रत्येक पुस्तकात असते. ते समजायचे असेल तर बारा रकान्यांचा कागद आखा, दर महिन्याला आलेले आणि गेलेले मांडा, खाली शिल्लक पुढे ओढा. सगळ्यात खोल खड्ड्याचा आकडा हीच खेळत्या भांडवलाची खरी गरज. सरासरी काढून बँकेत गेलात तर मेमध्ये, ऐन खरेदीत, पैसे संपतात.

हॉटेलला उधारीवर माल दिला तर खड्डा आणखी खोल. इथे लहान उद्योगांसाठीचा २००६ चा एमएसएमईडी कायदा माहीत असावा: सूक्ष्म किंवा लघु उत्पादक म्हणून ‘उद्यम’ ही सरकारी नोंदणी असेल तर करारातली मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, करारच नसेल तर १५ दिवस, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. गिऱ्हाईक तोडायचे नसते म्हणून फारसे कोणी ते मागत नाही. तरी बिलावर उद्यम क्रमांक आणि मुदत छापायला काही जात नाही.

जमाखर्चात दोन जागी हमखास पाय घसरतो. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि काजूचा हंगाम नेमका मध्ये कापला जातो. मार्चमध्ये घेतलेली सगळी बी खर्चात धरली की मोठा तोटा दिसतो. ती खर्च नाही, अखेरचा साठा आहे. सुरुवातीचा साठा अधिक खरेदी वजा अखेरचा साठा, एवढाच खर्च त्या वर्षाचा. साठ्याची किंमत लागत आणि बाजारभाव यांतली जी कमी ती. भाव चढला म्हणून साठा फुगवायचा नाही.

दुसरी घसरण घरातली. आई आणि वहिनी दुपारी बसून गर सोलतात, त्यांची मजुरी कुठेच लागत नाही. मालक गल्ल्यातून चतुर्थीला पैसे काढतो, ती उचल भांडवलातून वजा होते, खर्चात येत नाही. दोन्ही नियमाप्रमाणेच, पण किलोमागचे ११५ रुपये त्यामुळे फसवे ठरतात. बाहेरचा माणूस ठेवला असता तर काय द्यावे लागले असते तो आकडा वेगळ्या कागदावर धरा, आणि मगच भाव ठरवा.

मार्केटिंगचे चार ‘पी’ (वस्तू, भाव, जागा, जाहिरात) पटकन वाचून होतात. गोव्याच्या काजूचे जीआय (भौगोलिक ओळखीचे) चिन्ह वापरायचे तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते आणि पाकिटात आफ्रिकेची बी चालत नाही, एवढे डोक्यात ठेवा. जीएसटीत एक उलटी गोष्ट आहे: नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याने बागायतदाराकडून न फोडलेली बी घेतली की कर विकणाऱ्याने नव्हे, घेणाऱ्याने भरायचा. नेहमीच्या नोंदणीत तो वळता करून मिळतो, कंपोझिशन या छोट्या व्यापाऱ्यांच्या सोप्या योजनेत मिळत नाही. एप्रिलच्या रकान्यात तीही रक्कम घाला.

मालकीचे प्रकार मात्र गोव्यात सावकाश वाचावे लागतात. पुस्तक सांगते, एकल मालकीत धंदा आणि मालक एकच, नफा त्याचा, कर्जही त्याचे. भागीदारी १९३२ च्या कायद्याने, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) २००८ च्या, एकट्याची कंपनी २०१३ च्या. हे सगळे इथेही लागू आहे. पण लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर पोर्तुगीज नागरी कायद्याप्रमाणे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते. पगार सोडून बाकीचे उत्पन्न, म्हणजे धंद्याचा नफासुद्धा, निम्मा-निम्मा दोघांच्या प्राप्तिकर विवरणात जातो; १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात त्यासाठी कलम ५-ए घातलेले होते. आणि घर किंवा बागायत तारण ठेवायची तर दोघांच्या सह्या लागतात. जोडीदार परदेशी जहाजावर असेल तर मुखत्यारपत्र करण्यात आठवडे जातात. म्हणून कर्जाची फाइल जानेवारीत तयार करायला घ्यावी, बी बाजारात यायच्या आत.