मनोरीपलीकडे, बिननावाच्या कबरीच्या शोधात

मार्वेच्या धक्क्यावरून मनोरीची बोट पकडायची, पलीकडे रिक्षा करायची. प्रवासाबद्दल एवढंच पुरे, कारण खरा वेळ जातो तो कबरस्तानात, आणि त्याहून जास्त चर्चच्या ऑफिसात. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. तिथे आजही दफन होतं, हौशी लोकांची रीघ लागायला नको.

आमच्या सोसायटीतले ईस्ट इंडियन (म्हणजे मुंबईच्या मूळच्या मराठीभाषक कॅथलिक समाजातले) अंकल आजीची कबर शोधत होते. आजी १९५४ साली गेली. कबरीवर लाकडी कुरूस, म्हणजे क्रॉस, होता, काळ्या रंगावर पांढरी अक्षरं. आपल्या पावसात आणि वाळवीत तो किती टिकणार? कुटुंब पुढे वांद्र्याला आलं आणि ‘मोठ्या कुरुसाच्या उजव्या अंगाला, भिंतीकडे’ एवढीच खूण उरली. आता उजवं अंग गेटातून आत शिरतानाचं की बाहेर पडतानाचं, इथूनच वाद.

निघण्याआधी घरच्यांना एक गोष्ट नक्की विचारा: कबर कायमची घेतली होती की तात्पुरती? मुंबईत जागेची टंचाई असल्यामुळे तात्पुरती कबर काही वर्षांनी पुन्हा उघडतात आणि अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात किंवा अस्थींसाठीच्या सामाईक विहिरीत ठेवतात. तसं झालं असेल तर जमिनीवर शोधत फिरण्यात अर्थ नाही.

मग चर्चचं दफनाचं रजिस्टर. रविवारी मिस्सानंतर (प्रार्थनेनंतर) ऑफिसात गर्दी असते, म्हणून आधी फोन करून मधल्या वारी जा. नाव, अंदाजे साल, नवऱ्याचं किंवा बापाचं नाव कागदावर लिहून न्या. नुसत्या आडनावावर जाऊ नका. अर्ध्या गावाचं आडनाव एकच असतं, घराण्याचं टोपणनाव जास्त कामाला येतं. वयावरही फार विसंबू नका. पन्नास, साठ, सत्तर असे गोल आकडे फार दिसले की ते अंदाजाने लिहिलेत हे समजतं. १९२८ पर्यंत साष्टीतली (म्हणजे आजच्या मुंबई उपनगरांच्या भागातली) बरीच चर्च पोर्तुगीज आश्रयाखालच्या दमण धर्मप्रांतात होती, त्यामुळे जुन्या नोंदी पोर्तुगीजमध्ये असू शकतात. मृत्यू १८९६ नंतरच्या प्लेगच्या किंवा १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या काळातला असेल, तर त्याच आठवड्यात किती दफनं झाली तेही मोजा. घाईच्या दिवसांत घराण्याशेजारी घराणं हा नियम पाळला गेला असेलच असं नाही.

सरकारी दाखला हवा असेल तर एक अडचण आहे. हा भाग मुंबई महापालिकेत आला १९५७ साली. त्याआधीच्या मृत्यूची चौकशी ठाण्याकडेही करावी लागते.

जमीन वाचायची असेल तर सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर जा. तिरप्या उन्हात बसलेल्या मातीचे लांबट खळगे दिसतात, ते भर दुपारी अजिबात दिसत नाहीत. पावसाळ्यात गवत सगळं गिळतं. बाकी खुणा म्हणजे ओळीत मधेच सुटलेली एका कबरीएवढी जागा, कडेला अर्धवट पुरलेल्या विटा, कुणीतरी कधीकाळी लावलेली सदाफुली. यातली एकटी खूण काहीच सिद्ध करत नाही. वाकवलेल्या तारा हातात धरून कबर शोधणारेही भेटतील. काटेकोर चाचण्यांत ती विद्या टिकलेली नाही. सळई खुपसून पाहणं तर वापरात असलेल्या कबरस्तानात निव्वळ उद्धटपणा आहे. अंकलच्या मुलाला जमिनीत पाहणारं रडार भाड्याने आणायचं होतं. त्याला समजावलं की ते हाडं दाखवत नाही, फक्त माती कुठे हलवली गेली आहे ते दाखवतं, आणि खाडीकाठच्या खारट चिकणमातीत त्याचा सिग्नल फार खोल जात नाही.

आमचं काम झालं ते २ नोव्हेंबरला, ऑल सोल्स डेला. त्या दिवशी घरटी माणसं येतात, कबरी धुतात, फुलं-मेणबत्त्या लावतात. फक्त आपल्या माणसाबद्दल विचारलं की लोक मान हलवतात. विचारायचं ते शेजाऱ्याबद्दल: “तुमच्या बाजूला कोण होतं?” रजिस्टरात आजीच्या आगेमागे ज्यांची नावं होती, त्यांतल्या एका घराची ग्रॅनाइटची कबर उभी होती. तिथल्या म्हाताऱ्या बाईंनी न विचारताच सांगितलं की डाव्या हाताला एक काळा कुरूस असायचा, त्याला अडकून लहानपणी त्यांचा फ्रॉक फाटला होता. रजिस्टरातला क्रम म्हणजे जमिनीवरचा क्रम नव्हे, हे खरं. पण इथे कागद, ओळीतली मोकळी जागा आणि बाईंची आठवण तिन्ही एकाच जागी येत होती. ती जागा नंतर कुणाला दिली गेली का, हे फादरनी पुढच्या नोंदींत तपासलं. तशी नोंद निघाली नाही.

जागा सापडली की मोबाइलवर पिन टाकून परत येऊ नका. फोनचं लोकेशन काही मीटर इकडेतिकडे होतं, तेवढ्यात तीन-चार कबरी बसतात. मोजपट्टी न्या. मोठ्या कुरुसाचा चौथरा आणि कंपाउंडचा कोपरा अशा न हलणाऱ्या दोन ठिकाणांपासून अंतर घ्या, कागदावर आकृती काढा आणि एक प्रत ऑफिसात द्या. शेजारच्या दगडांवरची पुसट अक्षरं वाचायला तारेचा ब्रश किंवा खडू वापरू नका. बाजूने टॉर्च धरला की बरंच वाचता येतं.

नवा दगड बसवायला चर्चची परवानगी लागते आणि कुटुंबाचं नातं दाखवावं लागतं. अंकलनी आपला आणि वडिलांचा बाप्तिस्म्याचा दाखला जोडून अर्ज दिला आहे. या वेळी कुरूस लाकडी नको, एवढंच त्यांनी मिस्त्रीला बजावून ठेवलंय.