घर खाली करायचं समन्स आलंय? पेठेतून कसबा बावड्यापर्यंतची फेरी

कोल्हापूरच्या पेठेत कुणालाही ‘कोर्ट कुठं?’ विचारा, बोट सीपीआर दवाखान्याकडंच जातं. ऐकू नका. सीपीआरसमोरच्या जुन्या इमारतीत १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं. घरमालकानं लावलेल्या दाव्यासाठी जायचं ते कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात, आणि मोफत वकील देणारं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणही तिथंच आहे. पहिली सकाळ या एका चुकीत वाया जाते. केएमटीच्या बसनं अकराच्या आत पोचा.

खरा वाईट टप्पा फाटक ते कार्यालय, जेमतेम काही पावलांचा. कागद हातात दिसला की कुणीतरी गाठतोच: ५०० चा स्टॅम्प लागेल, वर टायपिंग, नोटरी, फाईल. एकही रुपया देऊ नका. कोर्टात किंवा सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात २००४ पासून मुद्रांक शुल्क माफ आहे. मोफत वकिलाचा अर्ज साध्या कागदावर चालतो. दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या माणसाकडून, फुकट मिळणाऱ्या मदतीच्या दारात असे पैसे काढणं ही सरळ लूट आहे.

मोफत वकिलासाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला तीन लाख. कायद्यानं उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्रही पुरेसं धरता येतं. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि दिव्यांग यांना तर ही मर्यादाच नाही. म्हणजे समन्स आईच्या नावावर असेल, तर उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतू केंद्रात रांग लावायची गरज नाही. कोर्ट फी आणि वकिलाची फी दोन्ही प्राधिकरणाकडं. नेमलेल्या वकिलानं पैसे मागितले तर त्याच कार्यालयात सचिवांकडं लेखी तक्रार करा. जाण्याआधी विचारायचं असेल तर १५१०० लावा.

सोबत काय न्यायचं? समन्स, ते हातात पडल्याची तारीख, भाडेपावत्या, लाईटबिलं, घरफाळ्यावर (महापालिकेच्या घरपट्टीवर) भोगवटादार, म्हणजे तिथं राहणारा, म्हणून नाव असेल तर तो उतारा. करार नोंदवलेला नाही म्हणून कच खाऊ नका. भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे करार नोंदवण्याची जबाबदारी मालकाची, आणि नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं.

आता सगळ्यात जास्त घरं जिथं जातात ते: ९० दिवस. ते दोनदा येतात. थकबाकीची नोटीस मिळाल्यावर ९० दिवस, त्याआधी दावाच लावता येत नाही. दावा लागून समन्स मिळालं की पुन्हा ९० दिवस, आणि त्यात सगळी थकबाकी वर्षाला १५ टक्के सरळ व्याजासह कोर्टात भरली तर थकबाकीच्या कारणावरून घर खाली करण्याचा हुकूम होत नाही. महिना १,२०० भाडं, दहा महिने थकलं: १२,००० वर, प्रत्येक महिन्याचं भाडं थकल्यापासून धरून, साधारण ८२५ रुपये व्याज. हे जमण्यासारखं आहे. फसतं ते पुढं. एकदा भरून लोक निर्धास्त होतात. दाव्याचा निकाल लागेपर्यंत दर महिन्याचं भाडं नियमित भरावं लागतं, दाव्याचा खर्चही कोर्ट सांगेल तसा. शिवाय आधी अर्ज, मग आदेश, मग भरणा, म्हणून ८८ व्या दिवशी धावत जाऊन काही होत नाही. कैफियतीची, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर देण्याची, मुदत तर मुळात ३० दिवसांचीच आहे, म्हणून समन्स आलं त्याच आठवड्यात बावडा गाठा.

मालक भाडंच घेत नाही? दर महिन्याला मनीऑर्डर करा, परत आलेली पावती जपा. ‘तो घेत नाही म्हणून घरात ठेवलंय’ हे कोर्टात टिकत नाही. नळ किंवा वीज तोडली तर ती जोडून मिळण्यासाठी त्याच कायद्याखाली, कलम २९ प्रमाणे, अर्ज करता येतो.

जुन्या वाड्याला पावसाळ्याच्या तोंडावर महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस लागली, तर जीव धोक्यात घालून आत राहू नका. इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये स्पष्ट केलंय. फक्त बाहेर पडण्याआधी खोलीची लांबी-रुंदी लिहून घ्या, चारी भिंतींचे फोटो काढा, आणि मालकानं पुढं केलेल्या ‘स्वखुशीनं ताबा दिला’ या कागदावर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.