बाबांच्या ट्रान्झिस्टरचं बटण

बाबांची सकाळ अस्मिता वाहिनीने सुरू होते. गेल्या जुलैत त्यांच्या जुन्या ट्रान्झिस्टरचं स्टेशन लावायचं बटण तुटलं. लॅमिंग्टन रोडला दोन चकरा झाल्या, तसं बटण कुठेच मिळेना. शेवटी एका दुकानदारानेच सुचवलं, "थ्रीडी प्रिंट करून घ्या."

टिंकरकॅड हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. त्यात बटण आखायला एक संध्याकाळ पुरली. फाइल घेऊन अंधेरीच्या एका वर्कशॉपमध्ये गेलो. तिथे स्लायसर नावाच्या प्रोग्रॅमने माझ्या बटणाचे ०.२ मिलिमीटरचे थर पाडले. मशीनमध्ये १.७५ मिमी जाडीची प्लास्टिकची तार जाते, साधारण २०० अंशांवर वितळते आणि ०.४ मिमीच्या तोंडातून थरावर थर चढतो. पीएलए नावाचं हे प्लास्टिक मक्यासारख्या पिकांच्या स्टार्चपासून बनतं. तिथल्या दादांनी सांगितलं, ही पद्धत स्कॉट क्रम्प यांची. मुलीसाठी ग्लू गनने खेळण्यातला बेडूक करताना त्यांना ती सुचली आणि १९८९ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला.

पहिलं बटण बसलंच नाही. ज्या दांडीवर ते बसतं, ती मी पट्टीने मोजली होती! दादांनी बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर हातात दिला. दांडी नेमकी ६ मिमी, एका बाजूने चपटी. भोकही ६ चं ठेवलं, तर तेही घट्ट झालं, कारण छापताना भोक जरासं आवळतं. मी जोर लावला आणि बटण थरांच्या रेषेवर उभं चिरलं. दोन थरांमधला जोड हीच या वस्तूंची कमजोर जागा, आणि मी बटण आडवं छापलं होतं. उभं छापलं की प्रत्येक थर दांडीभोवती अखंड कडं होतो.

तिसऱ्या खेपेला भोक ६.२ केलं. पण मशीनमधून चटचट आवाज यायला लागला आणि बटणावर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे आले. मुंबईचा पावसाळा! तारेने दमट हवेतलं पाणी शोषलं होतं. दादांनी ती काही तास ड्रायरमध्ये ठेवली, मग छपाई स्वच्छ आली.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटली ती वेगळीच गोष्ट. बाबांची बोटं संधिवाताने आखडली आहेत, जुनं बटण त्यांच्या चिमटीत धड येत नसे. म्हणून मी नव्याची रुंदी जवळजवळ दुप्पट केली, कडेला खोल खाचा दिल्या. कारखाना एका माणसाच्या बोटांसाठी साचा पाडणार नाही, कारण साच्याचाच खर्च मोठा. इथे आकडा बदलायचा आणि पुन्हा छापायचं.

आता बाबा स्टेशन स्वतः लावतात. आवाजाचं बटणही तसंच हवंय त्यांना. त्याच्या दांडीला बारीक दाते आहेत, ते कसे आखायचे ते सध्या शिकतोय.