फोनसावनचे दगडी रांजण आणि एक लाल-पांढरी खूण

गाइडने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की संध्याकाळपर्यंत त्याच्या बोटांचे वळ उमटलेले होते. मी दोनच पावलं वाटेबाहेर टाकली होती. एक रांजण गवतात कलंडून पडला होता, त्याच्या तोंडात सकाळचं ऊन शिरलं होतं, म्हणून फोटो घ्यायला. जमिनीत बसवलेली ती विटेएवढी खूण मी पाहिलीच नाही. तिची एक बाजू पांढरी, एक लाल. पांढऱ्या बाजूला जमिनीच्या पोटातले बाँबही शोधून काढलेले आहेत, लाल बाजूला फक्त वरवर दिसणारे. मी लाल बाजूला उभी होते.

निघताना गटाला सूचना दिल्या तेव्हा मी मान डोलावली होती. घरी मुलांना "वाट सोडू नका" हे बजावणारी मीच. त्यामुळे लाओसला जाणाऱ्यांना सल्ला द्यायचा मला अधिकार उरलेला नाही. जे झालं ते सांगते.

लाओसच्या शिएंगखुआंग प्रांतात डोंगरउतारांवर आणि माळांवर दोन हजारांहून अधिक दगडी रांजण विखुरलेले आहेत. काही कमरेएवढे, काही तीन मीटरपर्यंत उंच. आजोळच्या परसात पुरलेला रांजण मी लहानपणी पाहिलेला, त्यामुळे 'रांजणांचं पठार' हे नाव कानावर पडल्यापासून मला तिथे जायचं होतं. निघोजच्या रांजणखळग्यांचं कोडं सुटतं. कुकडीचं पाणी आणि त्यात गरगरणारे गोटे यांनी खडक कोरला, हे पाचवीतल्या मुलालाही पटवता येतं. इथे मात्र माणसाने अखंड दगड आतून पोखरला, मग तो कित्येक टनांचा ऐवज डोंगरावरून खाली आणला. रांजणांच्या जागांना क्रमांक दिलेले आहेत; त्यातल्या पहिल्या स्थळाच्या रांजणांचा दगड आठेक किलोमीटरवरच्या खाणीतला आहे आणि त्या उतारावर अर्धवट घडवलेले रांजण अजून पडून आहेत. हे कोणी केलं, कशासाठी केलं, कोणत्या भाषेत बोलणाऱ्यांनी केलं? त्यांनी एक अक्षर मागे ठेवलेलं नाही.

बँकॉक, व्हिएन्तिआन, लुआंग प्रबांग यांत पाच दिवस गेले. सगळं सुंदर होतं आणि त्यावर पुष्कळांनी लिहिलं आहे. लुआंग प्रबांगहून शिएंगखुआंगच्या मुख्य शहराला, फोनसावनला, जाणारी व्हॅन मात्र विसरणं शक्य नाही. सात-आठ तास नुसती वळणं. माझी मावसबहीण, आमची ताई, पहिल्या तासापासून उलट्या करत होती आणि चालकाने एकदाही वेग कमी केला नाही. पोचलो तर अतिथीगृहात गरम पाणी नाही. अकराशे मीटर उंचीवरचा जानेवारी, बोटं वळत नव्हती. मी चिडून भांडायच्या बेतात होते. पण तिथल्या आजींनी काही न बोलता ताईला शेगडीजवळ बसवलं, बांबूच्या टोपलीतला चिकट भात आणि आल्याचं कढण पुढे ठेवलं आणि तिचे तळपाय स्वतःच्या शालीत गुंडाळले. भाषा एक शब्दाची जुळत नव्हती. माझा राग तिथेच संपला. अंगणात बाँबची रिकामी कवचं आडवी ठेवून त्यांत कांद्याची पात लावलेली होती. रात्री मला ती कुंड्यांसारखीच दिसली.

पहिल्या स्थळावर तीनशेहून अधिक रांजण आहेत. शेजारी चुनखडीची एक गुहा आहे, तिच्या छताला भोकं आहेत. 1930च्या दशकात मादलेन कोलानी ही फ्रेंच संशोधक इथे आली, तेव्हा तिने साठी ओलांडलेली होती आणि सोबतीला तिची बहीण होती. हे ऐकून ताईने माझ्याकडे पाहिलं. दोघी बहिणी, त्या काळात, या डोंगरांत! कोलानीला रांजणांत काचेचे मणी सापडले, जळलेली हाडं सापडली. ही गुहा म्हणजे दहनाची भट्टी, भोकं धुरासाठी आणि रांजण मृतांसाठी, असं तिने मांडलं. गावातले लोक वेगळं सांगतात. खुन चुअंग नावाच्या राजाने लढाई जिंकली आणि राक्षसांएवढ्या सैनिकांसाठी तांदळाची दारू या रांजणांत गाळली. आमच्या गाइडच्या आजीनेही त्याला हेच सांगितलं होतं.

कोलानीनंतर कोडं सुटायचं ते आणखी गुंतलं. 2016 साली रांजणांच्या पायथ्याशी उत्खनन झालं आणि पुरलेली माणसं सापडली. त्यांतली बरीचशी मुलं होती, काही तर तान्ही. ही दफनं नवव्या ते तेराव्या शतकातली. पण दुसऱ्या स्थळावर रांजणांखालच्या मातीची तपासणी झाली, तिच्यानुसार ते रांजण इ.स.पू. 1240 ते 660 च्या दरम्यान तिथे उभे केले गेले असावेत. मधे निदान दीड हजाराच्या आसपास वर्षं! रांजण घडवणारे आणि त्यांच्या सावलीत आपली बाळं ठेवणारे एकच लोक होते का? की नंतर आलेल्यांना जुने दगड बघून वाटलं, की ही जागा जपणारी आहे? मला दुसरं उत्तर पटतं. पुरावा नाही, पण पटतं.

हे सगळं ऐकत असताना मागे वीसेक जणांचा घोळका आला. एक तरुण रांजणावर चढून उभा राहिला, बाकीचे रांजणांवर हात थापटून आवाज काढत होते. कोणाच्या तरी तान्ह्या मुलाच्या उशाशी हे चाललं आहे, एवढंच मला दिसत होतं. मी तोंडावर बोलले. ते उतरले, पण हसत उतरले.

आणि तरी मी स्वतः थोड्या वेळाने वाट सोडलीच.

माझा हात सोडल्यावर गाइड बराच वेळ गप्प होता. मग पुढे चालत गेला आणि एका खड्ड्याच्या काठावर थांबला. विहिरीएवढा खड्डा, आत गवत वाढलेलं, काठावर दोन फुटलेले रांजण. 1964 ते 1973 या नऊ वर्षांत अमेरिकेने लाओसवर वीस लाख टनांहून अधिक बाँब टाकले. सरासरी काढली तर दर आठ मिनिटांना एक विमानभर. त्यांतल्या क्लस्टर बाँबमधून सत्तावीस कोटी लहान बाँब विखुरले गेले आणि त्यांतले सुमारे आठ कोटी फुटलेच नाहीत. चेंडूएवढ्या त्या गोळ्याला इथे 'बोंबी' म्हणतात. अक्षरं गिरवायच्या आधी आपण बोंबीचं चित्र ओळखायला शिकलो, असं गाइड म्हणाला.

तिथे उभं असताना मला पहिल्यांदा कळलं, की या कोड्याचं उत्तर अजून का मिळत नाही. उत्तर मातीत असणार आणि मातीत कुदळ घालायची सोय नाही. शंभराच्या आसपास स्थळं आहेत, त्यांतली पंधरा 2019 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली, पण आधी बाँब काढायचे, मग इतिहास. वीतवीत जमीन यंत्राने तपासत सरकायचं. आम्ही 'रहस्य' म्हणून ज्याचं कौतुक करत होतो, त्यातलं निम्मं रहस्य पन्नास-साठ वर्षांपूर्वी आकाशातून पडलेलं आहे. मला त्याचा संताप आला, अजूनही येतो.

रात्री शेगडीपाशी गाइडने विचारलं, "तुमच्याकडे पण आहेत ना असे?" मी नाही म्हणाले. त्याने फोनवर फोटो दाखवला. आसाम, दिमा हसाओ जिल्हा, मुख्य ठिकाण हाफलाँग. गवताळ टेकड्या आणि त्यांवर अर्धे पुरलेले दगडी रांजण. जॉन हटन आणि जेम्स मिल्स या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी 1929 मध्येच त्यांची नोंद केली होती आणि अलीकडेच तिथे आणखी चार स्थळं सापडली आहेत. शिएंगखुआंगपासून हजाराहून अधिक किलोमीटर दूर, आणि घडण तीच. इतक्या वर्षांत मला हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि लाओसच्या मुलाला माहीत होतं.

आसामच्या त्या टेकड्यांवर क्लस्टर बाँब पडलेले नाहीत. तिथे खणता येईल. ताई अंथरुणात शिरता शिरता म्हणाली, "हाफलाँगला गाडी जाते का गं?" जाते. गुवाहाटीहून. डिसेंबरची तिकिटं काढली आहेत.