आर्कमधला कुकर

स्वीडनमधल्या गोथेनबर्गला येऊन तीन महिने झाले असतील, सोमवारी दुपारी बरोब्बर ३ वाजता अख्ख्या शहरात भोंगे वाजायला लागले. मी टेबलाखाली शिरायच्या बेतात आणि शेजारचा सहकारी निवांत कॉफी ओततोय. म्हणे हा 'घोगरा फ्रेड्रिक', मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी टेस्टिंग असतं. हे लोक असेच आहेत बघा. आमच्या बिल्डिंगच्या तळघराच्या दारावर नारंगी चौकोनात निळा त्रिकोण आहे, म्हणजे युद्ध झालं तर लपायची जागा, आणि आत सध्या सगळ्यांच्या सायकली. २०२४ च्या नोव्हेंबरात तर सरकारनं घरोघरी पुस्तिका पाठवली, आठवडाभर कुणाच्या मदतीशिवाय निभेल एवढं खाणंपाणी घरात ठेवा म्हणून. (आमच्याकडे तूरडाळच तीन महिन्यांची असते, तो भाग वेगळा.)

तर त्याच कॉफीवाल्यानं मला शनिवारी खेळायला बोलावलं. मला वाटलं पत्तेबित्ते असतील. निघाला 'म्युटंट: इयर झिरो'. मूळचा 'म्युटंट' इथे १९८४ साली आला, हा नवा अवतार २०१४ चा, फ्रिया लीगन नावाच्या स्वीडिश कंपनीचा. स्क्रीन नाही, काही नाही. टेबलाभोवती पाच जण, कागद, पेन्सिली, फासे. एक जण सूत्रधार, तो सांगतो समोर काय दिसतंय, बाकीच्यांनी आपापल्या पात्राच्या तोंडून बोलायचं. थोडक्यात संहिता नसलेलं नाटक, प्रेक्षकही आपणच.

गोष्ट अशी की जग बुडालंय, आपण उरलेले म्युटंट, म्हणजे शरीरात विचित्र बदल झालेली माणसं, 'आर्क' नावाच्या एका जागी राहतोय, आणि वस्तीत मूल जन्मालाच येत नाही, एकही नाही. बाहेर पडायचं म्हणजे 'झोन'. आमच्या सूत्रधारानं झोन म्हणून चक्क गोथेनबर्गचाच नकाशा घेतलाय, त्यावर चौकोन आखलेत, त्यामुळे मी रोज ट्राममधून बघते तो एरिक्सबर्गचा नारंगी क्रेन म्हणजे आमची आर्क. आता रोज तिथून जाताना उगाचच मान वर होते. माझ्या पात्राला चिठ्ठी काढून बेडकाचे पाय मिळालेत. हसू नका, दोनदा जीव वाचलाय त्यांच्यामुळे.

मला मारामारीत इंटरेस्ट नाही. मला आवडतो तो हिशोब. दिवसाला एक वाटा खाणं, एक वाटा पाणी, बंदुकीच्या उरलेल्या गोळ्या म्हणजे पैसे. पहिल्या वर्षी इथे मी प्रत्येक क्रोनाला रुपयांनी गुणत होते, कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन परत ठेवत होते, त्यामुळे हा खेळ मला शिकवावाच लागला नाही. आणि मार लागला की तो चार प्रकारचा असतो. अंगाला लागलं तर खाण्यानं भरून येतं, दमलात तर पाण्यानं, डोकं गरगरलं तर झोपेनं, पण मनात शंका भरली तर कुणीतरी जवळ येऊन बसल्याशिवाय ती जात नाही. नियमच आहे पुस्तकात! लिफ्टमध्ये नजर चुकवणाऱ्या माणसांनी हा नियम लिहिलाय, कमाल आहे. डिसेंबरात, साडेतीनला अंधार पडतो त्या दिवसांत, माझं पात्र असंच शंकेनं खचलं होतं, तर वर्षभर माझ्याशी हवामानाशिवाय काही न बोललेली एक बाई तिच्या पात्राच्या आवाजात म्हणाली, "सरक जरा, मी बसते इथे." मी सरकले. खरोखरची खुर्ची सरकवली.

तर कुकर. मागच्या महिन्यात एका बुडालेल्या घरात आम्हाला जुन्या जगाची वस्तू सापडली. जाड भांडं, कडी घातलेलं झाकण, वर डुगडुगणारं वजन. सूत्रधारानं वर्णन केलं आणि माझ्याकडे बघून गालात हसला, मेल्यानं माझ्याच किचनमधून उचललं होतं. बाकीचे म्हणतात बॉम्ब आहे, एकजण म्हणतो डोक्यात घालायचं शिरस्त्राण. मला माहितीये, पण पात्राला कुठे माहितीये? तिला कळायला फाशावर सहा पडावा लागतो. फासे टाकले, एकही सहा नाही. परत टाकता येतात, पण मग पिवळ्या फाशावर एक आला की आपलंच नुकसान. टाकले. सहा नाहीच, एक मात्र पडला, वर डोकं गरगरलं ते वेगळंच. जीभ चावून गप्प बसले. आता आर्कमध्ये त्याची घंटा केलीये, धोका दिसला की झाकणावर सळई आपटतात.

रविवारी आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "अगं मग सांग की त्यांना, वरणभात तरी खातील बिचारे."

"नाही सांगता येत गं. सहा पडला नाही."

"मग परत टाक."