बिढार म्हणजे बिऱ्हाड

मला वाचता येत नव्हतं असं नाही. बारावीपर्यंत शिकलो. सातबारा वाचतो, फवारणीच्या डब्यावरचं प्रमाण वाचतो. पण पुस्तक हातात घेतलं की दुसऱ्या पानावर ओळ सुटायची, मग तीच ओळ परत, आणि तिसऱ्यांदा वाचेपर्यंत मागचं सगळं पुसून गेलेलं असायचं. चौथीत धडा मोठ्यानं वाचायची पाळी आली की मी ओळीवर बोट ठेवून वाचायचो. एकदा गुरुजी म्हणाले, "तू बस, तुझ्यानं तासच संपेल." बसलो. त्यानंतर पंचवीसेक वर्षं अभ्यासाचं सोडून एकही पुस्तक मी आपणहून उघडलं नाही.

आमचं गाव अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यात. चार एकर संत्रा, दोन एकरांत हरभरा. गावात ड वर्गाचं वाचनालय आहे. 1967च्या ग्रंथालय कायद्याखालच्या नियमांत अ, ब, क, ड असे वर्ग आहेत, त्यातला शेवटचा. दोन खोल्या, एक टेबल, पेपर वाचायला येणारी सात-आठ म्हातारी माणसं. माझे चुलतकाका तिथले ग्रंथपाल. मागच्या पावसाळ्यात मागची खोली गळाली आणि भिंतीतलं जुनं कपाट ओलं झालं. काकांचे गुडघे गेलेले. मला म्हणाले, "तुले वाच नाही म्हणत मी. उचल म्हणतो."

कपाटात दोनशेच्या वर पुस्तकं निघाली. कोण्या वाड्यातून पन्नास-साठ वर्षांपूर्वी पोत्यात भरून आलेली, तेव्हापासून कोणी हात न लावलेली. ती उन्हात टाकायची नाहीत, कागद कडक होऊन घडीवर तुटतो, हे काकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. पडवीत खाटांवर पसरली. मऊ ब्रशनं एकेक पान झाडलं. कसर लागलेल्या पुस्तकाला बारीक भोकं असतात, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकाच जागी आरपार, सुई घालावी तशी. सुटलेल्या पुठ्ठ्यांना मैद्याची खळ लावायची आणि त्या खळीत चिमूटभर मोरचूद. मोरचूद म्हटल्यावर मला एकदम घरचं वाटलं. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी, हे बोर्डो मिश्रण दरवर्षी संत्र्यावर मारतो आम्ही. झाडाला बुरशीपासून वाचवणारी वस्तू पुस्तकालाही किड्यापासून वाचवते, हे मला माहीत नव्हतं.

खरी अडचण पुढे होती. नोंदवहीत प्रत्येक पुस्तकाचं नाव, लेखक, वर्ष आणि किंमत लिहायची होती, आणि चाळीसेक पुस्तकांना तोंडच नव्हतं. पुठ्ठा नाही, पहिली पानं नाहीत. नाव शोधायचं तर आत शिरावं लागणार होतं.

काकांनी मला खुणा शिकवल्या. किंमत आण्यांत असली तर पुस्तक 1957च्या आधीचं, कारण त्या वर्षी एप्रिलपासून नवे पैसे आले. नुसता शके दिलेला असला तर त्यात 78 मिळवायचे. कुठं 'मध्यप्रांत व वऱ्हाड' हे जुन्या प्रांताचं नाव छापलेलं दिसलं तर ते पुस्तक फार तर स्वातंत्र्याच्या आगेमागेपर्यंतचं. आणि सगळ्यांत सोपी खूण टिंबांची. 'नाहीं', 'कांहीं', 'घरीं' असे न बोलले जाणारे अनुस्वार जिथं पानभर पडलेले दिसतील, ते बहुधा 1962च्या नव्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीचं. ही टिंबं शोधायचा मला नादच लागला. पान धरायचं, टिंबं पाहायची. पण टिंबं पाहता पाहता डोळा शब्दावर पडतोच.

ज्ञानकोशाचा एक सुटा खंड मिळाला. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा हा 23 खंडांचा ज्ञानकोश 1920 ते 1929 या काळात निघाला. केतकरांचं शिक्षण अमरावतीत झालेलं आणि ज्ञानकोशाच्या कामाची सुरुवात नागपुरातली, हे काकांनी सांगितलं तेव्हा मी तो खंड जरा जास्त जपून खाटेवर ठेवला. त्यात आमच्या अचलपूरला एलिचपूर म्हटलेलं होतं. असं पुस्तक पहिल्या पानापासून वाचायचंच नसतं. कुठंही उघडा, एक नोंद वाचा, मिटा. ओळ सुटली तरी नोंद सुटत नाही. मी रोज दोन-तीन नोंदी वाचायला लागलो आणि कोणाला सांगितलं नाही.

मग ते पुस्तक हाती आलं, सतराव्या पानापासून सुरू होणारं.

त्यातलं मराठी कळतच नव्हतं. 'ऐसें', 'तेथ', 'मग म्हणीतलें'. मधेमधे स्वल्पविरामाच्या जागी दोन-दोन टिंबं, विसर्गासारखी. मी ते बाजूला ठेवणारच होतो, तेवढ्यात 'रीधपुर' असा शब्द दिसला. रिद्धपूर! आमच्याच तालुक्यातलं गाव. मी ते पुस्तक पिशवीत घातलं आणि रात्री जागलीला घेऊन गेलो.

पौषातली जागल म्हणजे हरभऱ्याची. रोही, म्हणजे नीलगायी, आणि रानडुकरं एका रात्रीत दाणादाण करतात. मी मचाणावर, डोक्याला बॅटरी, अंगावर घोंगडी. दर अर्ध्या तासाला डबा बडवायचा, हाकारे द्यायचे. मोबाईलला तिथं रेंज नाही. मी पुस्तक उघडलं आणि सवयीनं ओळीवर बोट ठेवलं. एक वाक्य वाचलं, कळलं नाही. परत वाचलं. मग मोठ्यानं वाचलं, कारण वावरात ऐकायला रोह्यांशिवाय कोणी नव्हतं. आणि मोठ्यानं वाचल्यावर ते कळलं. डोळ्याला जे अनोळखी होतं ते कानाला ओळखीचं निघालं. माणसं एकमेकांना 'जी' म्हणत होती. 'जी जी' म्हणून उत्तर देत होती. आमच्याकडे अजून कोणी हाक मारली तर 'हो जी'च म्हणतात, आणि पुण्याला गेलेली आमची पोरं ते बोलायला लाजतात.

त्या रात्री मी तीन पानं वाचली. तीनच. पण पहिल्यांदा मला आपण मंद आहोत असं वाटलं नाही. सातशे वर्षांपूर्वीचं मराठी कोणीही भरभर वाचू शकत नाही. मोठमोठे विद्वानही तिथं शब्दाशब्दाला थांबतात, बोट ठेवतात, परत मागे जातात. त्या पुस्तकाचा वेग आणि माझा वेग एकच होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आई ओट्यावर तुरीचे सोले काढत बसली होती. मी तिच्याजवळ बसून वाचायला लागलो आणि 'बिढार' या शब्दापाशी अडलो.

"काहून थांबला?"

"शब्द नाही लागत. बिढार."

"कोठी उतरले हायेत का थे लोकं?"

मी वरची ओळ पाहिली. उतरलेलेच होते, मुक्कामाला.

"मंग बिऱ्हाड असन थे," आई म्हणाली आणि पुढची शेंग फोडली.

चौथी शिकलेली माझी आई. त्यानंतर रोज संध्याकाळी आमचं हेच सुरू झालं. मी वाचायचो, अडायचो, ती सोडवायची. तिलाही न सुटलेले शब्द मी वहीत लिहून काकांकडे न्यायचो. काकांनी दोन संध्याकाळीत पुस्तक ओळखलं. गोविंदप्रभूंचं चरित्र, ज्याला ऋद्धिपुरलीळा म्हणतात. गोविंदप्रभू हे महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांचे गुरू. चक्रधरांचं लीळाचरित्र म्हाइंभटांनी 1278च्या सुमारास लिहिलं ते रिद्धपुरातच, आणि हे चरित्रही त्यांच्याच नावावर आहे. मराठीतलं अगदी सुरुवातीचं गद्य आमच्या घरापासून फटफटीनं तासाभराच्या आत लिहिलं गेलं, आणि मी मराठीचा पेपर पास होऊनही मला ते ठाऊक नव्हतं. शाळेत नाव सांगितलं असेल. गावाचा पत्ता सांगितला असता तर मी कदाचित तेव्हाच कान टवकारले असते.

गोविंदप्रभू कोणाच्याही घरात शिरतात, कोणाकडेही जेवतात, लेकरांसारखे खेळतात, रागावले की 'मेला जाए' म्हणतात. आईनं ते ऐकलं आणि हातातली शेंग तशीच राहिली. तिची आई, माझी आजी, आम्हा पोरांना असंच म्हणायची, आणि त्या रागावण्यात काय होतं ते आम्हाला माहीत आहे. गावातले लोक त्यांना 'राउळ माए, राउळ बाप' म्हणतात. मातंगांना पाणी मिळत नव्हतं, ते गोविंदप्रभूंकडे आले, आणि त्यांनी विहीर कुठं खणायची ती जागा दाखवली, ही लीळा मी तीनदा वाचली. आमच्या मोर्शी-वरुडच्या पट्ट्यात पाणी किती खोल गेलंय ते बोअर मारणाऱ्याला विचारा. विहिरीला पाणी लागणं म्हणजे काय, हे मला त्या पानासाठी कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

नंतर काकांनी स्थानपोथीबद्दल सांगितलं. चक्रधर आणि गोविंदप्रभू जिथं बसले, राहिले, त्या जागा कोणत्या दिशेला आहेत एवढंच सांगणारं ते पुस्तक. गोष्ट नाही, उपदेश नाही. असंही पुस्तक असू शकतं याचंच मला अप्रूप वाटलं. ते मिळवलं आणि आईला मागे बसवून रिद्धपूरला गेलो. आता तिथं मराठी भाषा विद्यापीठही झालंय. आम्ही राजमठात गेलो, त्या जागांवर बांधलेले गावातले ओटे पाहिले. मी पोथीतली दिशा वाचायचो, आई पुढे होऊन बोट दाखवायची. ओट्यावर डोकं टेकून उठताना ती हळूच म्हणाली, "इथंच व्हतं बिढार."

नोंदवही पूर्ण व्हायची आहे. चाळीसपैकी सव्वीस पुस्तकांना नावं मिळाली. ऋद्धिपुरलीळेची पहिली सोळा पानं दुसऱ्या छापील प्रतीवरून मी हातानं उतरवून घेतली, माझ्या अक्षरात, आणि मोरचुदाच्या खळीनं पुढे चिकटवली. काकांनी दाखल क्रमांक घातला. राहिलेल्या चौदांपैकी एक उघडलं तर सगळंच मोडी लिपीत आहे. काकांना मोडी येते. परवापासून मी त्यांच्याकडे अक्षरं गिरवायला बसतो. आज 'क' आला.